दम राखणारी शर्यत

लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे जिवाच्या आकांताने पळणे, अशी माझी समजूत होती. प्रथम वर्षाला पाच किलोमीटरच्या शर्यतीत मी सुसाट सुटलो आणि पहिल्याच किलोमीटरला बरगडीत कळ येऊन खाली बसलो. वडील म्हणाले, "सकाळीच बैल दामटला, तर दुपारी तो औतातच बसतो." शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने शरीरशास्त्रच सांगितले!

वेग एकदम वाढवला की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. धाप लागते, पाय जड होतात. वेग बेताचा ठेवला, तर शरीर साखरेबरोबर चरबीही जाळते आणि शिदोरी दूरवर पुरते. खूण सोपी आहे : पळताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर याही आधी लांब पल्ल्याच्याच धावपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या.

आता मी पहाटे दहा किलोमीटर पळतो, आणि पळणे संपू नये असे वाटते. त्याच वर्षी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा कॉलेज सोडणार होतो. पण घरातून इथवर आलेला मी पहिलाच. हाही पल्ला लांबचाच. दम राखला पाहिजे.