चढावरचा पाहुणा

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या डोंगरातल्या रस्त्यांवर पाठीमागे पिशव्या बांधलेल्या सायकली पुष्कळ दिसायला लागल्या आहेत. गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "ही माणसं एवढा घाट सायकलनं का चढतात? आणि आपल्या गटाला त्यातून काही काम मिळेल का?" आजच्या बोलण्यात आम्ही या दोन्ही प्रश्नांचा विचार करणार आहोत. उदाहरण आपल्या साताऱ्याकडचंच घेऊ.

आधी रस्ता समजून घेऊ

सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली. तिथून लाँचनं शिवसागर ओलांडून तापोळा. मग महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत सातारा. असा हा फेरा आहे. सगळा मिळून साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. चारचाकीवाला तो एका दिवसात उरकतो. सायकलवाल्याला दोन-तीन दिवस लागतात. हे दोन-तीन दिवस तो कुठं खातो, कुठं पाणी पितो, कुठं झोपतो, यातच आपलं काम आहे.

पुणे-बंगळूर महामार्ग जवळ असून ही माणसं इकडं वळतात, कारण तिथं ट्रकांची वर्दळ आणि धूर. इकडं रस्ता अरुंद असला तरी गाड्या कमी. जांभूळ, अंजनी, हिरड्याची सावली आहे. कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथं फुलं असतात. पुढं कोयनेच्या जलाशयाचं पाणी आणि जंगल. आपल्याला रोजचं म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण शहरातला माणूस त्यासाठीच येतो.

चढ कुठं, उतार कुठं

साताऱ्यापासून कास साधारण 25 किलोमीटर. तेवढ्यात माणूस जवळजवळ 500 मीटर वर चढतो. घराचा एक मजला 3 मीटर धरला, तर हे दीडशेहून जास्त मजले झाले. त्यात सामान 10 ते 15 किलोचं, म्हणजे भरलेला हंडाच सायकलला बांधल्यासारखं. हंडा घेऊन चढ चढणं काय असतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

कासपासून बामणोलीपर्यंत मोठा उतार आहे. तिथं दम लागत नाही, पण हात ब्रेक दाबून दुखतात आणि अंगावरचा घाम वाऱ्यानं गार पडतो. बामणोलीला लाँचवाल्याशी बोलून सायकल वर चढवायची आणि तापोळ्याला उतरायचं. तापोळ्यापासून महाबळेश्वर हा सगळ्यात अवघड टप्पा. सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरमध्ये जवळजवळ 700 मीटर चढ. चढावर सायकल तासाला सात-आठ किलोमीटर चालते. सकाळी सातला निघालेला माणूस वर पोचेपर्यंत अकरा-बारा वाजतात. महाबळेश्वर ते पाचगणी सोपं, आणि मग पसरणीच्या घाटानं थेट वाईत उतरायचं.

हे सगळं सांगायचं कारण असं की गाडीवाला जिथं पाटी दिसेल तिथं थांबतो, सायकलवाला जिथं दम संपतो तिथं थांबतो. चढ सुरू होण्याआधी त्याला पाणी भरून घ्यायचं असतं. चढाच्या मध्यावर सावली हवी असते. चढ संपला की पोटात आग पडलेली असते. उताराच्या मध्यावर चांगलं दुकान मांडलं तरी कुणी थांबणार नाही, कारण मिळालेला वेग कुणी मोडत नाही. म्हणून गटानं जागा ठरवताना आपलं घर कुठं आहे ते आधी बघू नये. रस्त्यावर एकदा चालत जाऊन चढ कुठं संपतो ते बघावं.

त्याला काय लागतं

पहिलं पाणी. ते उकळलेलं किंवा तपासलेलंच हवं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी बायकांना पाणी तपासणीच्या संचाचं शिक्षण दिलेलं आहे. आपल्या गावातल्या ताईंकडून झऱ्याचं आणि टाकीचं पाणी तपासून घ्या. बाटलीबंद पाणी विकण्यापेक्षा त्यांच्या बाटल्या भरून द्या. रिकाम्या बाटल्या शेवटी आपल्याच ओढ्यात येतात.

दुसरं, मीठ आणि साखर. घाम गेलेल्या माणसाला नुसत्या पाण्यानं बरं वाटत नाही. लिंबू, मीठ, गूळ घातलेलं सरबत, ताक, केळी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की, हे उत्तम. जेवणात नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात पुरेसा आहे. त्यासाठी पंजाबी भाजी शिकायला जायची गरज नाही.

तिसरं, संडास. हे आम्ही मुद्दाम सांगतो. सायकलवर आता मुली आणि बायकाही येतात. त्या पाणीसुद्धा बेतानं पितात, कारण वाटेत जायला जागा नसते. आतून कडी लागणारं दार, बादलीभर पाणी आणि साबण एवढं असलं, तरी ती बाई पुढच्या वेळी मैत्रिणींना घेऊन येईल.

चौथं, खरी माहिती. पावसाळ्यात घाटरस्त्यावर शेवाळ धरतं, दरडीची माती येते. वळणावर खडी सांडलेली असते. संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात. हे आपल्याला माहीत असतं, पाहुण्याला नसतं. दुपारी चारनंतर कुणी चढाला लागत असेल तर सांगा, "दादा, आता अंधार पडेल, आज इथंच थांबा." आपण आपल्या बाजूनंही एक करायचं. रस्त्याच्या वळणावर नाचणी, भात वाळत घालायचा नाही. उतारावर त्यावरून सायकल घसरली तर हाड मोडतं.

हिशोब

आता पैशाचं बोलू. समजा रविवारी दहा जण थांबले. नाश्ता आणि चहाचे प्रत्येकी 60 रुपये धरले तर 600 रुपये झाले. सामान आणि गॅसचे 300 गेले, 300 राहिले. तिघींनी काम केलं असेल तर एकीला 100 रुपये. हंगामात असे 25 रविवार मिळाले तर तिघींचे मिळून 7,500 रुपये. जोडधंदा म्हणून वाईट नाही. पण एवढ्यावर घर चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

काही गटांत खोल्या बांधायचा विचार सुरू आहे. गटातून 2 टक्के महिन्याच्या दरानं 2 लाख उचलले, तर पहिल्याच महिन्याचं व्याज 4,000 रुपये होतं. महिन्याच्या चार रविवारचा नाश्ता 1,200 रुपये देतो. ही तोंडमिळवणी होत नाही. आणि हप्ता थकला तर तो एकीचा राहत नाही, सगळ्या गटाची पत जाते. म्हणून आमचं सांगणं : पहिल्या वर्षी पाणी, सरबत, नाश्ता एवढंच करा. वहीत तारीख, किती माणसं, किती रुपये ते लिहा. दुसऱ्या वर्षी वही बघून ठरवा. मुक्कामाची मागणी खरंच असेल, तर घरातली एक मोकळी खोली पांढरी करून घ्या. आपल्या खोऱ्यात मुंबईला गेलेल्यांची बंद घरं कमी नाहीत. मालकाची लेखी परवानगी घेऊन तीही वापरता येतील. शासनाच्या न्याहारी-निवास योजनेची चौकशी करा.

खाणं विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. दर पाटीवर लिहा. तोंडी दर सांगितला की वाद होतो. मुक्कामाला येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, नाव आणि फोन वहीत उतरवा. घरात एकट्या बाईनं अनोळखी माणसाला ठेवू नये. दोघी-तिघींनी मिळूनच पाहुणा घ्यावा.

जंगल राहिलं तर वाट राहील

मांघर 2022 साली मधाचं गाव झालं. त्याआधी 2017 साली भिलार पुस्तकांचं गाव झालं. या दोन्ही गावांनी मोठी इमारत उभी केली नाही. मांघरनं आपल्या मधमाश्या आणि रान पुढं केलं, भिलारनं आपल्या घरांची दारं उघडली. आपल्याकडं सावलीचा रस्ता आहे. पण जमिनी विकल्या जात आहेत, झाडं तुटत आहेत. ज्या दिवशी या रस्त्याची सावली जाईल आणि गाड्यांची रांग लागेल, त्या दिवशी सायकलवाला दुसरी वाट धरेल. मग आपल्या हातचं सरबत तसंच राहील. म्हणून चूल पेटवायला ओलं झाड तोडायचं नाही, प्लॅस्टिकची ताटं वापरायची नाहीत, आणि ग्रामसभेत रस्त्याकडेच्या झाडांचा विषय निघाला की आपण बायकांनी उठून बोलायचं.

पुढच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी ठरवा. आपल्या गावच्या रस्त्यावर चढ कुठं संपतो? तिथं सावली, पाणी आणि कडीचा संडास आहे का? आणि रविवारी सकाळी कोण तिघी येणार? एवढं ठरलं की एक पातेलं, एक माठ आणि एक वही घेऊन काम सुरू करता येतं.