दिंडी संगमेश्वरची, अंगावर अवघा महाराष्ट्र (आणि थोडं कर्नाटकही)

२७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, मागे नऊवारी नेसलेल्या मुली आणि फेटा सावरणारे गुरुजी, हे दृश्य आता गावोगावच्या शाळांच्या ओळखीचं झालंय. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात अशा ग्रंथदिंडीला निघालेल्यांच्या एकेका कपड्याला त्याचं गाव विचारा, आणि बघा काय गंमत होते ती. त्यातलं इथलं जवळजवळ काहीच नसतं! चला तर, डोक्यापासून सुरुवात करू.

पगडी हापूसच्या पुढे
पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं २००९ मध्ये. आपल्या कोकणच्या हापूसला ते मिळायला २०१८ उजाडलं. म्हणजे या रांगेत पगडीने आंब्याला नऊ वर्षं मागे टाकलं. रत्नागिरीकरांनी राग मानू नये, पगडी काही खाता येत नाही.

खुर्चीतली पहिली साडी
पहिलं मराठी ग्रंथकार संमेलन पुण्यात १८७८ साली भरलं, अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे. तेच पुढे साहित्य संमेलन झालं. त्याच्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री आली ती १९६१ साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. साडीला त्या खुर्चीपर्यंत पोचायला ८३ वर्षं लागली! २०२५ च्या दिल्ली संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर या मानाच्या सहाव्या मानकरी.

२७ तारखेला २७ फूट
एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे नऊवारी भरते २७ फूट, साधारण सव्वाआठ मीटर. एवढ्या लांबीला ना बटण, ना नाडी, ना खाली परकर. सगळा कारभार निऱ्या आणि कासोट्यावर. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवली की दोन मिनिटांत काम फत्ते! आजीने नाक मुरडलं तरी लेझीम खेळणारीला ती फार सोयीची.

चोळी सीमेपलीकडची
‘अस्सल मराठमोळं’ म्हणून आपण मिरवतो तो खण गुळेदगुड्डचा आणि इरकल इळकलची. दोन्ही गावं कर्नाटकात, एकाच बागलकोट जिल्ह्यात. सीमाप्रश्न काहीही म्हणो, चोळी आणि साडी यांची युती जुनी आहे.

पैठणी उलटून बघा
पैठणीचं नाव गोदाकाठच्या पैठणचं, पण आज तिचे माग मोठ्या संख्येने चालतात नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. हातमागाची खरी पैठणी ओळखायची सोपी खूण म्हणजे पदर उलटा करायचा. मोर दोन्ही बाजूंनी सारखाच नेटका दिसला पाहिजे. मागे सुटे धागे लोंबत असतील तर विणकराऐवजी यंत्राला दाद द्या.

फॅशन शिकवली पुरुषाने
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साडी कशी चोपून नेसावी, गजरा कसा माळावा, हे बायका कुणाकडे बघून शिकत होत्या? बालगंधर्वांकडे! रंगमंचावर स्त्रीभूमिकांतली त्यांची ऐट घराघरांत उतरली. ज्या नाटकात स्त्रीला प्रवेश नव्हता, त्या नाटकाने स्त्रियांना नटायला शिकवलं.

चप्पल निघाली मिलानला
कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले. जून २०२५ मध्ये मिलानला ‘प्राडा’ कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली, श्रेय मात्र दिसलं नाही. इकडे असा गदारोळ उठला की ‘प्राडा’ला त्या चपलांमागची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली.

कपडा भाषण करतो
ग्रंथकार सभेचं निमंत्रण १८८५ साली खरमरीत पत्राने नाकारणारे महात्मा फुले १८८८ मध्ये पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात गेले. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांत तो वेशच निम्मं भाषण करून गेला. याउलट कथा संगमेश्वरची. ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते छत्रपती संभाजी महाराज फेब्रुवारी १६८९ मध्ये इथल्या कसब्यात पकडले गेले. पुढे बहादूरगडाला विदूषकाचा वेश चढवून त्यांची धिंड काढली गेली. वेश लादला तो मानहानीसाठी, महाराजांचं नाव मात्र आजही तोंडपाठ असतं.

मग इथलं काय?
भरपूर आहे! फक्त ते दिंडीच्या दिवशी घरी राहतं. जाखडी नाचणाऱ्यांच्या पायातला चाळ. नमन या इथल्या लोकनाट्यातल्या संकासुराचा काळा वेश, उंच निमुळती टोपी आणि पांढरी दाढी. भातलावणीला सोयीची, गुडघ्याच्या वर खोचलेली कुणबी बायांची नेसण. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात फुलणारी सुरंगी! तिचा गजरा माळला की मुलगी दिसायच्या आधी गजऱ्याचा वास येतो. शिमगा तोंडावर आलेला असतो, तेव्हा ग्रंथपालखीपुढे एखादा संकासुर नाचला तर ग्रंथांचा अपमान नक्कीच होणार नाही. तोही नमनाच्या परंपरेतला, म्हणजे न छापलेल्या साहित्यातलाच.

निघण्यापूर्वी
फेब्रुवारी संपताना दुपारी घाम फुटतो, म्हणून रेशमापेक्षा सुती बरं. पांढरं धोतर घोट्याच्या वर ठेवा, तांबडी माती कुणाची भीड ठेवत नाही. फेटा बांधणाऱ्याला आदल्या दिवशीच गाठा, सकाळी त्याच्याकडे रांग असते. आणि पिशवीत पावडरच्या डबीशेजारी एक पुस्तक टाका. दिंडी ग्रंथांची आहे, सेल्फीत तेही यायला हवं!