मुलांचें घर आणि भिंतींचा रंग

दिवाळीपूर्वीं घराला रंग देण्याची आपली चाल जुनी आहे. पावसाळ्याची ओल सुकलेली असते आणि लेकीबाळींचें येणेंजाणें सुरू व्हावयाचें असतें. अशा वेळीं गृहस्थ विचारतो, रंग कोणता द्यावा. गृहिणी विचारते, तो किती दिवस टिकेल. ज्या घरांत रांगतें मूल आहे, त्या घरानें मात्र याच्याही आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे. भिंतीवर आज जो रंग आहे तो कसला, आणि तो निघाल्यावर जाणार कोठें?

सफेदा, शेंदूर आणि तैलरंगांतील कित्येक भडक पिवळ्या छटा यांत पूर्वापार शिसें असे. शिशाच्या योगानें रंग लवकर वाळतो, दाट बसतो आणि उन्हापावसांत टिकतो. म्हणून तो रंगाऱ्यास प्रिय झाला. पण शिशाचे कण पोटांत गेले म्हणजे ते रक्तांत, हाडांत आणि मेंदूंत जाऊन बसतात. मोठ्या माणसाच्या चौपट-पांचपट शिसें बालकाचें शरीर शोषून घेतें. अमुक इतकें शिसें निर्धोक, असें प्रमाणच ठाऊक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. या विषाचें कपट असें कीं, मूल तापानें फणफणत नाहीं. तें चिडचिडें होतें, फिकट दिसूं लागतें, पोट दुखतें म्हणतें आणि अभ्यासांत मागें पडतें. पुष्कळदां एवढेंही दिसत नाहीं. आईबाप त्याला हट्टी किंवा मंद समजून बसतात.

१९०४ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडमध्यें लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनीं मुलांच्या शिसेबाधेचें मूळ घरांतील रंगविलेल्या कठड्यांत व भिंतींत दाखवून दिलें. रंगाची भुकटी बोटांस लागते आणि बोटें तोंडांत जातात, इतकी ती साधी गोष्ट होती. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घराच्या आंतील रंगकामांत सफेदा वापरण्यास आळा घालणारा करार केला. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिसें दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. तेव्हां त्यापूर्वींचा प्रत्येक तैलरंग संशयितच मानावा.

दर्यापूरकरांस तर हा प्रश्न अगदीं उंबरठ्याशीं आहे. हा तालुका पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मोडतो. जमिनींत क्षार, विहिरीच्या पाण्यांतही क्षार. ओल पायथ्यापासून भिंतींत चढते ती क्षार घेऊनच. पाणी उडून जातें आणि मागें राहिलेला क्षार गिलाव्याच्या पोटांत फुगतो. यालाच आपण लोणा लागणें म्हणतों. वर तैलरंगाचा थर असेल तर ओलीस बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. रंगाला फोड येतात आणि पोपडे सुटतात. आणि हात लागून भिंत मळूं नये म्हणून हा तैलरंगाचा पट्टा आपण देतों तो जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत, म्हणजे नेमका मुलाच्या हाताशीं!

मग करावें काय? जुना रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला डिवचूं नये; त्यावरच नवा द्यावा. पोपडे सुटत असतील तर ते काढावेच लागतात. पण कोरडे घासूं नयेत आणि दिव्याची ज्योत लावून जाळूंही नयेत. भिंत पाण्यानें भिजवून पत्रीनें हळूहळू खरवडावी, खालीं जाड कापड अंथरावें, पडलेलें सारें त्यांतच बांधून न्यावें. केरसुणी फिरवूं नये. ओल्या फडक्यानें जमीन दोन-तीनदां पुसावी. हें काम चालूं असतां मुलें व गर्भवती स्त्रिया यांनीं त्या घरांत थांबूं नये. नवा डबा घेतांना त्यावरील शिशासंबंधींचा मजकूर वाचावा. कारखान्यांतील यंत्रांचा किंवा मोटारींचा उरलेला रंग पाळण्यास अगर खेळण्यांस कधींही देऊं नये. वरील नियम त्या रंगांस लागू नाहीं.

लोणा धरणाऱ्या भिंतीस आपला जुना चुनाच बरा. तो ओलीस कोंडीत नाहीं आणि त्यांत शिशाचा रंग नसतो. अंगास लागतो, ही त्याच्यावरची तक्रार खरी आहे. दरवर्षीं हात द्यावा लागतो, हेंही खरें. परंतु कळीचा चुना विरतांना उकळतो आणि डोळ्यांस फार घातक असतो, म्हणून तें भांडें मुलांपासून दूर असावें.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरीं यावयाची म्हणून खोली खरवडून नवी करण्याची हौस आपल्याकडे फार. ती हौस पुरवावी. पण ती येण्यापूर्वीं, पुरते दिवस हातीं ठेवून, खोली पुसून धुऊन कोरडी झाल्यावर तिला आणावें. मुलाला शिसेबाधेची शंका वाटली तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें. आणि मुलांना जेवणापूर्वीं हात धुण्याची संवय लावावी. कोणत्याही भिंतीच्या घरांत ती उपयोगीच पडते.