बेंद्रे यांचे रंगबिंदु

पाचोऱ्याच्या कापडबाजारांत धूपछांव खण उलगडून पाहणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट कोणीं न शिकवितां कळते. उभा धागा तांबडा, आडवा निळा; पण खण जरा दूर धरला कीं तो जांभळा दिसतो. हे रंग धाग्यांत मिसळलेले नसतात, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळतात. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यांतील रसायनज्ञ शेव्हरल याच्याकडे काळें सूत फिकें दिसतें अशी तक्रार आली, तेव्हां दोष रंगाचा नसून शेजारच्या सुताचा आहे हें त्यानें ओळखिलें. त्याचा रंगविरोधावरील ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला.

त्या शास्त्राच्या आधारें झॉर्झ सरा यानें १८८४ ते १८८६ या काळांत ग्रांद जात बेटावरील रविवारच्या दुपारचें सुमारें तीन मीटर रुंदीचें चित्र शुद्ध रंगांच्या बारीक ठिपक्यांनीं व फटकाऱ्यांनीं भरून काढिलें. नवदृक्प्रत्ययवाद तो हाच. त्याचें सर्वच कांहीं साधलें असें नव्हे. पिवळा व निळा ठिपका शेजारीं ठेविल्यास दुरून टवटवीत हिरवा न दिसतां करडेपणाकडे झुकतो. शिवाय सरानें वापरलेला जस्ताचा पिवळा रंग पुढें मातकट झाला.

मराठी चित्रकारांत हें तंत्र आपलेंसें केलें तें नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांनीं, आणि तेंहि उत्तरायुष्यांत. इंदूरला देवळालीकरांच्या हाताखालीं घडलेले बेंद्रे १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांच्या १९५५ च्या ‘काटा’ या चित्रांत घनवादाची छाप उघड आहे. पुढें अमूर्त चित्रेंहि त्यांनीं काढिलीं, आणि इतकी वाट चालून ते बिंदूकडे आले. परदेशी तंत्र उसनें घेतलें असा आक्षेप यावर घेणें सोपें आहे, पण तो टिकत नाहीं. सराचे बिंदु माणसांना पुतळ्यांप्रमाणें स्तब्ध करितात. बेंद्रे यांच्या ग्रामीण स्त्रियांभोवतीं तेच बिंदु थरथरत्या उजेडाचे कण होतात, आणि तरीहि आकृतीची कड सुटत नाहीं.

बिंदु आपल्याकडे अगदींच परका होता असेंहि नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत छायेच्या तीन वर्तना सांगितल्या आहेत, त्यांपैकीं एक बिंदुज. मात्र तिचें कार्य निराळें. ती अंगाला गोलाई आणते. दोन रंगांचा डोळ्यांत संयोग घडविणें हा तिचा हेतु नव्हे. पाचोऱ्याहून अजिंठ्यास जाणाऱ्या रसिकाला लेण्यांच्या भिंतींवर रेषेचेंच राज्य दिसेल. रंग तिच्या मर्यादेंत राहतो. बेंद्रे यांच्या या चित्रांना ती सवय पुरत नाहीं. प्रथम हातभर अंतरावरून आणि मग दहा पावलें मागें सरून तीं पाहावीं. सावलींतल्या निळ्याशेजारीं एखादा नारिंगी ठिपका कां ठेवावा लागतो, तें तेव्हां ध्यानांत येतें.