बारा वाजता हंडी निघते

साओ मिगेल बेटावरचा एक दिवस सकाळपासून नव्हे, दुपारपासून आखावा लागतो. फुर्नास तलावाच्या काठी बाराच्या सुमाराला जमिनीत पुरलेल्या जेवणाच्या हंड्या वर काढतात आणि त्या काही आपली वाट बघत थांबत नाहीत. म्हणून डोंगर, धबधबा, चहाचा मळा हे सगळं हंडीच्या अलीकडे आणि गरम पाण्यातलं डुंबणं पलीकडे, अशी दिवसाची घडी बसते. खासगी गाडी आणि वाटाड्या घेतला की ही घडी तो घालतो. तो ती तशीच का घालतो हे आधी ठाऊक असलं, तर बेट अधिक चांगलं दिसतं.

आधी बेटाचा पत्ता. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे १,५०० किलोमीटरवर, भर अटलांटिक महासागरात अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत. पोर्तुगालचाच हा स्वायत्त प्रदेश. त्यातलं सर्वांत मोठं साओ मिगेल. लांबी साठ-पासष्ट किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पंधरा-सोळा. पोंता देलगादा हे मुख्य शहर. बॉस्टन आणि टोरांटोहून तिथे पाच-सहा तासांचं थेट विमान आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांना हे बेट पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

युरेशिया, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका या तीन भूपट्टांची गाठ या भागात पडते. बेटावर तीन मोठे ज्वालामुखी आहेत: पश्चिमेला सेते सिदादेस, मध्ये फोगो, पूर्वेकडे फुर्नास. तिघेही झोपलेले, मेलेले नव्हेत. फोगोचा शेवटचा मोठा उद्रेक १५६३चा, फुर्नासचा १६३०चा. १५६३मध्ये उत्तर किनाऱ्याकडे आलेल्या लाव्ह्यात रिबेइरा सेका गावचा दगडी पाणवठा बुडाला. पुढे विसाव्या शतकात तो खणून काढला, आणि आज तो रस्त्याच्या पातळीखाली, थिजलेल्या लाव्ह्याच्या खड्ड्यात उभा असलेला दिसतो.

ज्वालामुखीचा प्रदेश म्हटल्यावर आपल्याला सह्याद्री आठवतो. आठवायलाच हवा, पण फरक मोठा आहे. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुना. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा उतू गेला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा दुसरा थर. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. फुर्नास आणि फोगोमधला शिलारस पुष्कळदा घट्ट होता. घट्ट रसातून वायूला बाहेर पडता येत नाही. तो कोंडतो आणि मग फुटतो. राख आणि प्युमिसचे हलके दगड आभाळात उडतात, खालची कोठी रिकामी होते आणि तिचं छत खाली बसतं. अशा खचलेल्या वाटीला काल्देरा म्हणतात. वाटीत पाऊस साठला की तलाव. साओ मिगेलवरचे सगळे नावाजलेले तलाव असे बसलेल्या छतांवरचे किंवा जुन्या मुखांमधले.

सकाळचा पहिला थांबा बहुधा फोगो तलाव. नावाचा अर्थ आगीचा तलाव, दिसतो मात्र निळा-हिरवा आणि गार. १९७४पासून हा भाग संरक्षित आहे आणि काठावर एकही घर नाही. अडचण एकच, ढग. समुद्रावरून आलेला दमट वारा मधल्या डोंगरांना अडून वर चढतो, निवतो आणि शिखरांवर ढग बसतो. किनाऱ्यावर लख्ख ऊन आणि तलावाच्या कड्यावर दहा पावलांपुढचं न दिसणं, हे एकाच वेळी चालू असतं. महाबळेश्वरला जुलैत पॉइंट बघायला गेलेल्यांना हे सांगायला नको. बेटावर ठिकठिकाणी कॅमेरे लावलेले आहेत. वाटाडे सकाळी त्यांचं चित्र फोनवर बघूनच गाडी कुठे वळवायची ते ठरवतात. फोगो झाकलेला असेल तर आधी चहाचा मळा, मग पुन्हा वर. खासगी सहलीला जास्त पैसे का मोजायचे याचं माझ्या मते हे एवढंच खरं उत्तर आहे. पन्नास माणसांची बस ढगासाठी रस्ता बदलत नाही. मऊ सीट आणि पाण्याची बाटली या गोष्टी त्यापुढे किरकोळ.

तलावावरून उत्तरेला उतरताना वाटेत काल्देइरा वेल्या लागते. दाट झाडी, माणसापेक्षा उंच वृक्षनेचे, आणि मध्ये तांबूस कातळावरून पडणारा छोटा धबधबा. खालच्या डोहात हात घातला की चकित व्हायला होतं, कारण पाणी कोमट! वरच्या अंगाला गरम झरे ओढ्यात मिसळतात. कातळाचा तांबूस रंग झऱ्यांतल्या लोखंडाचा. शेजारी बांधलेली कुंडं याहून गरम. इथे ठरावीक वेळेचंच तिकीट मिळतं. ते कोण काढणार, हे सहल ठरवतानाच विचारून घ्यावं. गाडीच्या भाड्यात प्रवेशशुल्क धरलेलं असतंच असं नाही.

या बेटावर धबधबे इतके का? पाऊस भरपूर, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं जमिनीत आहे. कठीण लाव्ह्याच्या थराखाली राख आणि प्युमिसचा भुसभुशीत थर, त्याखाली पुन्हा लाव्हा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आहे. पाणी मऊ थर पोखरत जातं, वरचा कठीण थर ओट्यासारखा पुढे उरतो आणि कधीतरी ढासळतो. दरवेळी धार थोडी मागे सरकते, उंची मात्र टिकून राहते. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, तो आपल्याकडचा मऊ थर. वेळ हाताशी असेल तर रिबेइरा ग्रांदेजवळचा साल्तो दो काब्रितो जोडून घेता येतो. ईशान्येकडचा रिबेइरा दोस काल्देइरोंइस, जिथे धबधब्याशेजारी जुन्या पाणचक्क्या आहेत, तो मात्र याच दिवसात कोंबू नये. हंडी हुकते.

मग गोरेआनाचा चहा. युरोपात चहाची शेती हा दुर्मीळ प्रकार; हा मळा मात्र १८८३पासून चालू आहे. एकोणिसाव्या शतकात हे बेट इंग्लंडला संत्री पाठवून श्रीमंत झालं होतं. संत्र्यांवर रोग पडला, तशी दुसऱ्या पिकाची शोधाशोध सुरू झाली. १८७८मध्ये मकावहून दोन चिनी जाणकार चहा करायला शिकवण्यासाठी आणले गेले. ज्वालामुखीची आम्लधर्मी माती, सतत पाऊस आणि गोठवणारी थंडी नाही, हे चहाला मानवलं. कारखान्यात जुनी यंत्रं अजून फिरताना दिसतात: पानं सुकवायची, वळायची, हवेवर काळी होऊ द्यायची, वाळवायची. चहाला इथे 'शा' म्हणतात. हिरव्या चहाचं एक पाकीट इथून घेऊन ठेवावं, दुपारी त्याचा उपयोग होईल.

साडेअकराला गाडी पीको दो फेर्रोच्या कठड्यापाशी हवी. फुर्नासची संपूर्ण वाटी इथून खाली दिसते: एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला गाव. सुमारे दीड हजार माणसांचं हे गाव ज्वालामुखीच्या आतच वसलेलं आहे. तलावाच्या काठाशी धुराचे पांढरे पुंजके दिसतात, तिकडेच जायचं.

काठावर राखट, उघडी जमीन, सडक्या अंड्यांचा वास, आणि मातीचे छोटे उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर हॉटेलाच्या नावाची पाटी. खाली खड्डा, खड्ड्यात हंडी. भल्या पहाटे हॉटेलांची माणसं हंड्या घेऊन येतात, खड्ड्यात सोडतात, झाकण लावतात, वर माती ओढतात. पाच-सहा तास खालची वाफ हंडीला चारी बाजूंनी शेकते. विस्तव नाही, ढवळणं नाही. दुपारी दोघं जण माती बाजूला करून आकड्यांनी हंडी उचलतात आणि ती गाडीत चढते.

या पदार्थाचं नाव कोझीदो. म्हणजे नुसतं 'शिजवलेलं'. आत गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, रक्ताचं सॉसेज आणि शोरीसो, म्हणजे गोव्याच्या चोरीसाचा पूर्वज. शिवाय कोबी, गाजर, बटाटा, रताळं. पाणी घालत नाहीत. मांसाचा आणि भाज्यांचा जो रस सुटेल त्यातच सगळं शिजतं. रायगडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना युक्ती लगेच कळेल. तिथे भांबुर्ड्याचा पाला आणि उपडं मडकं वाफ कोंडतं, इथे माती. फरक असा की पोपटीचा जाळ अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतो आणि इथली जमीन कशाचीच घाई करत नाही.

हंडीत एक ओळखीचा चेहराही असतो. बेटावर ज्याला इन्यामे म्हणतात तो आपल्या अळूचाच कंद. फुर्नासमध्ये गरम झऱ्यांचं पाणी वाहतं अशा ओलसर वाफ्यांत तो लावतात. कोझीदो मला चवीपेक्षा कल्पनेत जास्त आवडतो, हे कबूल करायला हरकत नाही. मसाल्याची सवय असलेल्या जिभेला तो मवाळ लागणार. पण अळूचा कंद आणि वाफेत मऊ झालेला कोबी खरोखर छान. मांस न खाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच सांगावं, म्हणजे फक्त भाज्यांची हंडी लावता येते का ते बघता येतं. पुरल्यावर काही बदलता येत नाही.

जेवण झालं की गावातली उकळती कुंडं. पाणी इथे खदखदतं आणि उन्हाळ्यात पोत्यात कणसं घालून त्यातच उकडून विकतात. ही उष्णता येते कुठून? पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, खोल शिलारसाच्या उष्णतेने तापतं, वाटेत वायू आणि क्षार घेतं आणि दाबाने वर येतं. उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी इथलं पाणीही पावसाचंच आणि भेगांतूनच खाली गेलेलं. पण त्याच्याखाली आज ज्वालामुखी नाही. ते खूप खोल जातं आणि पृथ्वीच्या पोटातल्या सर्वसाधारण उष्णतेनेच तापतं. फुर्नासमध्ये चूल जवळ आहे. रिबेइरा ग्रांदेजवळ याच उष्णतेवर वीजही होते.

गावात प्यायचे झरेही पुष्कळ आहेत, आणि एकाची चव दुसऱ्याला नाही. कार्बन डायऑक्साइडने फसफसणाऱ्या थंड पाण्याला इथले लोक 'आझेदा', म्हणजे आंबट, म्हणतात. त्या पाण्यात सकाळचा हिरवा चहा टाकला तर तो जांभळा होतो. पाण्यातलं लोखंड आणि चहातलं टॅनिन यांचं हे काम, जुन्या काळी शाई याच जोडीतून करत.

पाणी फसफसवणारा हा कार्बन डायऑक्साइड जरा जपून राहण्याची गोष्टही आहे. तो हवेपेक्षा जड, वास नसलेला. जमिनीतून झिरपून सखल जागी साचतो. गावातल्या काही घरांच्या तळमजल्यांतही तो येतो, आणि अझोर्स विद्यापीठाचे ज्वालामुखीतज्ज्ञ त्यावर लक्ष ठेवून असतात. प्रवाशाने कुंडाभोवतीचे कठडे ओलांडू नयेत आणि मुलांना वाफेजवळच्या खड्ड्यांत खेळू देऊ नये, एवढं पुरे.

शेवटी डुंबणं. तेर्रा नोस्त्रा बागेतलं मोठं तळं बघून पहिल्यांदा पाय मागे येतो, कारण पाणी चक्क गढूळ पिवळं-तपकिरी आहे. ती घाण नव्हे, गंज. जमिनीखाली विरघळलेलं लोखंड रंगहीन असतं, हवा लागली की गंजतं. बागेची सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हिकलिंग या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने केली. पाणी चाळिशीच्या आतबाहेरचं. अर्ध्या तासाच्या वर बसू नये. पोहण्याचे कपडे जुने आणि गडद रंगाचे न्यावेत, कारण डाग जात नाहीत. टॉवेलही तसाच. चांदीची जोडवी, पैंजण गाडीतच ठेवावेत. गंधकाच्या वाफेने काळवंडतात. गर्दी वाटली तर जवळच दोना बेझाची लहान कुंडं आहेत. ती रात्रीपर्यंत उघडी असतात.

परतीचा सरळ रस्ता दक्षिण किनाऱ्याने, पाऊण तासाचा. पण सकाळी ढगाने तलाव दाखवला नसेल तर निघण्याआधी वाटाड्याला कॅमेरे पुन्हा बघायला सांगावं. संध्याकाळी वारा पडला की फोगोवरचं झाकण पुष्कळदा सरकतं. मग गाडी किनारा सोडून डोंगराला लागते, मागच्या सीटवर ओले टॉवेल, काचांवर वाफ, आणि गाडीभर तो गंजाचा वास.