घुशीच्या नावाचा प्रवास

धान्याच्या गोदामाच्या भिंतीशी किंवा गटाराच्या कडेला जमिनीत मोठी बिळे आणि त्यांच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचे ढीग तुम्ही पाहिले असतील. ही करामत बहुधा घुशीची. घूस उंदराच्याच कुळातली. पण मोठ्या जातीच्या घुशीचे वजन अर्ध्या किलोच्या वर जाते.

इंग्रजीत घुशीला ‘बँडिकूट’ म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे, तेलुगू आहे. नाशिक रोडजवळून वाहणारी गोदावरी पुढे ज्या तेलुगू मुलखातून समुद्राला मिळते, तिथे घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. ‘पंदि’ म्हणजे डुक्कर आणि ‘कोक्कु’ म्हणजे मोठा उंदीर. राठ केस, माती उकरण्याची सवय आणि डिवचल्यावर डुकरासारखे गुरगुरणे पाहिले, की हे नाव किती चपखल आहे ते पटते. इंग्रजांनी 1611 मध्ये तेलुगू किनाऱ्यावर मछलीपट्टणला वखार घातली होती. त्यांच्या तोंडी ‘पंदिकोक्कु’चे ‘बँडिकूट’ झाले.

पुढे इंग्रज ऑस्ट्रेलियात गेले. तिथेही त्यांना लांब नाकाचा, माती उकरणारा एक लहान प्राणी दिसला. त्यालाही त्यांनी ‘बँडिकूट’च म्हटले! वास्तविक तो कांगारूसारखा पिशवीधारी प्राणी आहे. मादीच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते. असे का बरे? माती उकरताना ती पिशवीत जाऊ नये म्हणून! घुशीला पिशवी नसते. तिचे पुढचे दात मात्र जन्मभर वाढतात. म्हणून ती सतत कुरतडते.

नाव एक, प्राणी दोन. यात बिघडले कुठे? आपली घूस धान्याची नासाडी करते, भिंतींचा पाया पोखरते आणि तिच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरू शकतो. म्हणून तिला आवर घालावा लागतो. उलट ऑस्ट्रेलियातल्या बँडिकूटच्या काही जाती नष्ट झाल्या आहेत आणि उरलेल्यांपैकी काहींना जपावे लागते. एकाची माहिती दुसऱ्याला लावली, तर अनर्थच!

हा घोटाळा शास्त्रीय नावाने टळतो. मोठ्या घुशीचे शास्त्रीय नाव ‘बँडिकोटा इंडिका’. ऑस्ट्रेलियातला प्राणी या प्रजातीत येत नाही. तेलुगू शेतकऱ्याचा शब्द असा लॅटिन वेष घालून जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसला आहे.

तुमच्या भागात घुशीला आणखी काय म्हणतात? वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते नाव कशावरून पडले असेल, याचा विचार करा. बिळात हात मात्र घालू नका!