चार्टर्ड होण्याआधीची वर्षं

ब्रिटनमध्ये कुणीही स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेऊ शकतो. कायद्याचं संरक्षण आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’ या बिरुदाला. महाराष्ट्रात बी.ई. आणि इथे एम.एस्सी. करून २०१४मध्ये मी सिव्हिलच्या नोकरीला लागलो. त्याच वर्षी भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. पण तो लाभ एनबीए या भारतातल्या मान्यता मंडळाने कराराच्या दर्जाची मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांपुरता. माझी पदवी त्याआधीची, त्यामुळे माझी कागदपत्रं वेगळी तपासली गेली.

चार्टर्ड म्हणून नोंदणी १८१८मध्ये लंडनला स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सतर्फे करायची होती. निकष इंजिनिअरिंग कौन्सिलचे: ज्ञान, डिझाइन, जबाबदारी, संवाद आणि व्यावसायिक बांधिलकी. ऐकायला सोपे वाटतात. कंपनीने नेमून दिलेल्या ज्येष्ठ मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत माझ्या वार्षिक आराखड्यातली कोर्सेसची यादी बाजूला ठेवायला लावली. येत्या वर्षात कोणता निर्णय तू स्वतः घेणार, तेवढं लिही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पुढच्या सगळ्या वाटचालीला त्या एका प्रश्नाने वळण दिलं. डिझाइन ऑफिसमध्ये आकडेमोड भरपूर होती, निर्णय मात्र वरच्यांचे. म्हणून मी साइट मागून घेतली.

तिथल्या एका खोदकामाची नोंद अजून माझ्याकडे आहे. भूजलाची पातळी अंदाजापेक्षा वर येत होती. आधी पाणी उतरवायचं आणि मगच पुढचा थर खणायचा, असा क्रम मी सुचवला. कंत्राटदाराचं वेळापत्रक लांबणार होतं, तो भर बैठकीत चिडला. मी त्याच संध्याकाळी पानभर लिहून काढलं: मोजमापं काय सांगतात, काय अजून कळलेलं नाही, दुसरे पर्याय कोणते, ते का सोडले. पुढे चार्टर्ड होण्यासाठीच्या मुलाखतीत दोघा परीक्षकांनी त्या पानावरच सर्वाधिक वेळ घेतला. प्रकल्प किती कोटी पौंडांचा होता, हे कुणी विचारलंही नाही.

मधल्या काळात, १४ जून २०१७ला, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. ७२ माणसं गेली. २०१८मध्ये या आगीनंतर इमारतींचे नियम आणि अग्निसुरक्षा तपासणारा डेम ज्युडिथ हॅकिट यांचा अहवाल आला आणि आमच्या ऑफिसातल्या चर्चेचा सूरच बदलला. या कामाला हा माणूस सक्षम आहे, हे कशावरून, असा प्रश्न प्रत्येक नेमणुकीत उघडपणे येऊ लागला. २०२०मध्ये इंजिनिअरिंग कौन्सिलच्या निकषांची चौथी आवृत्ती निघाली, २०२२मध्ये इमारत सुरक्षेचा कायदा झाला. चार्टर्ड झाल्यावरही दरवर्षी काय शिकलो याची नोंद ठेवावी लागते. ती तपासायला मागवतात आणि वारंवार मागूनही न देणाऱ्याचं नाव नोंदवहीतून निघू शकतं. मला हे योग्यच वाटतं. आपल्या सहीवर भरवसा ठेवून लोक इमारतीत झोपतात.

पुण्या-सांगलीकडून आलेली मुलं मला भेटली की हमखास विचारतात, ‘दादा, किती वर्षं लागतात?’ वर्षांची अट नाही. बहुतेकांना नोकरी लागल्यावर काही वर्षांचा अनुभव लागतोच, पण एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा केलं तर ती वर्षं फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून मी त्यांना साहेबाकडे जायला सांगतो: पुढच्या सहा महिन्यांत माझा निर्णय कोणता असेल, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर प्रकल्प बदलून मागा. मराठी घरातल्या मुलांना असं मागणं जड जातं, हे मी पाहिलंय; तरी मागाच.